आमच्या घरचं काळं पाणी

घरात मासा दोनच ठिकाणी शोभतो, तव्यावर आणि ताटात, असं आमच्या रायगड किनाऱ्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं मत आहे. रेवसला विचारा, रेवदंड्याला विचारा, थेट श्रीवर्धनला जाऊन विचारा. उत्तर तेच, फक्त मसाला वेगळा. नाही म्हणायला अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत आहे. पण ते पाळणं म्हणजे आमच्या बँकेतल्या मुदत ठेवीसारखं. मुदत भरली, घरात जावई आला किंवा कुठे मोठ्या साहेबाकडे काम अडलं, की जिताडा व्याजासकट बाहेर!

अशा मुलखात सेहेचाळीस वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या एका गृहस्थानं घरात दोन फुटी काचेची टाकी मांडावी, तिच्यात कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी भरावं, त्या पाण्यात वाळकी पानं टाकावीत, पानांच्या आड करंगळीएवढे सहा मासे सोडावेत आणि रोज रात्री चष्मा लावून त्यांची अंडी मोजून वहीत टिपून ठेवावीत, म्हणजे गावाला विषय मिळणारच. मिळो. लोकांच्या मतांवर अजून तरी कुणी सेवाशुल्क लावलेलं नाही. माझं भांडण लोकांशी नाहीच. माझं भांडण एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'स्वच्छ'.

"अहो, पाणी जरा स्वच्छ करा की!" हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की दारावरच्या घंटीला तेच बसवून घ्यावं म्हणतो, निदान पाहुण्यांचा वेळ तरी वाचेल. पेणचे मेव्हणे आले, त्यांनी पायताण काढायच्या आधी हे वाक्य म्हटलं. शेजारच्या वहिनी मनानं फार चांगल्या. त्या हातात तुरटीचा खडा घेऊनच आल्या. "भाऊजी, दोन वेळा फिरवते, गाळ कसा खाली बसतो बघा!" आई म्हणाली, "अरे, लोक निर्माल्य घरातून तळ्यात नेतात, तू तळ्यातून घरात आणलंस?" आमच्या शाखेत खातं असलेली कोळीवाड्यातली एक मावशी पासबुक भरून घ्यायला घरी डोकावली (सुट्टीच्या दिवशी पासबुक घरी भरून मिळतं, असा तिचा गैरसमज मी अजून दूर करू शकलेलो नाही). तिनं मात्र पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टाकीशी वाकली, मासा निरखला आणि म्हणाली, "यो कंचा मासा रं भावा? याचं कालवण केलं तं निस्ता रस्साच भुरकावा लागंल!" एवढ्या सगळ्यांत मला तिचंच मत विचारार्ह वाटलं. ती निदान माशाविषयी बोलली. बाकीचे सगळे पाण्याविषयी बोलत होते, आणि तेही त्यात राहायचं नसताना.

पारदर्शक म्हणजे स्वच्छ, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. नळाचं पाणी काचेसारखं असतं खरं, पण त्यात क्लोरिन असतं. ते तसंच ओतून त्यात मासा सोडा. त्याच्या कल्ल्यांची आग आग होते. उघड्या बादलीत दिवसभर राहून क्लोरिन उडून गेल्याशिवाय ते पाणी माशाच्या कामाचं नाही. उलट टाकीतल्या माशाचं आयुष्य ज्यांच्या जिवावर चालतं, ते जिवाणू कुणालाच दिसत नाहीत. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे सगळे स्पंजात, वाळूत, पानांवर बसून रात्रंदिवस काम करतात आणि कुणाच्या नजरेस पडत नाहीत. आमच्या बँकेत नेमकं उलट आहे. आता दर रविवारी टाकी रिकामी करून भांड्यांच्या पावडरीनं घासणारे जे स्वच्छतेचे भक्त आहेत, ते ही सगळी नोकरवर्गाची फौज गटारात घालवतात, वर करकरीत पाणी ओततात, आणि सोमवारी मासा उताणा झाला की म्हणतात, "नशिबात नव्हता!" नशिबाचा काय संबंध? तुम्ही एका दिवसात सगळा स्टाफ काढून टाकलात आणि शाखा चालू ठेवायला निघालात!

मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात जाऊन एकदा त्या मत्स्यालयांच्या दुकानांतून हिंडून या. निळीच्या रंगाची खडी. प्लास्टिकचा पाणबुड्या, त्याच्या नाकातून बुडबुडे. एक पडका किल्ला, तोही रायगड-जंजिरा नव्हे, कुठला तरी युरोपातला. मागे निळ्या समुद्राचं चित्र. ज्याच्या घरापासून खरा समुद्र तीनशे पावलांवर आहे, असा आमच्या आळीतला माणूसही लाँचचं तिकीट काढून जातो आणि समुद्राचं ते चित्र गुंडाळून घेऊन येतो. त्या चित्रापुढे गोड्या पाण्यातला गोल्डफिश, तोही एखाद्या बरणीएवढ्या गोल भांड्यात, दिवसभर स्वतःभोवती फिरत असतो. आपण म्हणतो, "बघा कसा खेळतोय!" तुम्हाला न्हाणीघरात कोंडून दिवा चालू ठेवला तर तुम्हीही असेच खेळाल.

त्यातून वास्तुशास्त्रवाले निघाले. आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवा, घरावरचं अरिष्ट तो काळा स्वतःवर घेतो. त्या काळ्याला कुणी विचारलं होतं का? अरोवाना ठेवला की कर्ज फिटतं, असं एका भल्या माणसानं मला पटवायचा प्रयत्न केला. मी बँकेत कर्जखात्यांच्या टेबलावर बसतो. ज्यांच्या दिवाणखान्यात अरोवाना आहे, त्यांच्या थकलेल्या हप्त्यांची पत्रकं मी स्वतःच्या हातानं तयार करतो. यावर अधिक बोलणं माझ्या नोकरीच्या गोपनीयतेत बसत नाही.

तर आता आमच्या काळ्या पाण्याकडे वळू. 'काळं पाणी' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अंदमान उभं राहतं. पण जगात खरोखरच काळ्या पाण्याच्या नद्या आहेत आणि त्या शिक्षा नव्हेत, माहेरं आहेत. ब्राझीलमधली रिओ नेग्रो, म्हणजे शब्दशः काळी नदी, ही त्यांतली सगळ्यांत थोरली. मानाउस शहराजवळ ती सोलिमॉइस नावाच्या गढूळ नदीला मिळते, आणि वाटणीचा दावा चालू असलेल्या सख्ख्या भावांसारखी ही दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर एकाच पात्रातून, एकमेकांत न मिसळता, शेजारी शेजारी वाहत जातात. पाणी काळं होतं ते घाणीनं नव्हे, पानांनी. रानातली पानं, साली, मुळं पाण्यात पडतात, भिजतात, आणि चहाच्या भुकटीसारखा आपला अर्क सोडतात. बोर्निओ-सुमात्रातल्या दलदलीच्या रानांतही असंच पाणी आहे. त्यात क्षार जवळजवळ नाहीत, आणि आम्लता अशी, की तिथे राहणारे इवलेसे मासे साध्या नळाच्या पाण्यात जगतील कदाचित, पण वंश वाढवणार नाहीत.

ही आम्लता पी.एच. नावाच्या आकड्यानं मोजतात. सात म्हणजे ना आंबट ना खारट, अगदी तटस्थ. सातावरून सहावर आलं की आम्लता दहापट वाढते, आणि पाचावर आलं की शंभरपट! चक्रवाढ व्याजानं भल्याभल्यांना बुडताना मी पाहिलंय, पण असा दर आमच्या कुठल्याही योजनेत नाही. म्हणून मी साहेबांना एकदा म्हटलं, "साहेब, एकाच्या फरकाला हसू नका." ते म्हणाले, "मी तुमच्या कॅशमधल्या फरकाबद्दल बोलतोय."

त्याच रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस म्हणून एक गाव आहे. तिथली माणसं कित्येक वर्षं अशा इंचभर लांबीच्या लालनिळ्या माशांवर पोट भरत आली, आणि गावात त्या शोभेच्या माशांचा उत्सव भरतो. गावाचे दोन तट पडतात, एक 'कार्डिनल' माशाचा, दुसरा 'डिस्कस' माशाचा, आणि जो तो आपल्या माशासाठी नाचतो, गातो. आपल्याकडे २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, आणि तो कोण? पापलेट. मला पापलेटाबद्दल आकस नाही, भरलेलं असेल तर मुळीच नाही. पण निवडीत ताटाचा थोडा तरी हात होता असं वाटल्यावाचून राहत नाही.

आमच्या कोकणात रिओ नेग्रो नाही, हे मी आधीच कबूल करतो, नाहीतर भूगोलाचे मास्तर पत्र पाठवतील. पण देवराईतली डबकी पाहिली आहेत? सुपारीच्या वाडीच्या कडेनं जाणारा चर? पावसाळा सरला, पानं पडली, झावळ्या कुजल्या, की त्या चरातलं पाणी पंधरा दिवसांत कोऱ्या चहासारखं होतं. माणूस नाकाला पदर लावून पुढे जातो. आणि नेमक्या त्याच पाण्यात, पृष्ठभागाच्या अगदी खाली, पानाच्या आडोशाला आमचे हे चिरंजीव नुसते तरंगत उभे असतात. कुणी पिकू म्हणतं, कुणी नावच घेत नाही. डोक्यावर वरून पाहिलं तर एक चमकता ठिपका, जणू कुणी टिकली लावलीय. तोंड वरच्या बाजूला वळलेलं. नराच्या अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या रांगा, मादीच्या अंगावर आडव्या देहाला काटकोनात काळे पट्टे. पाण्यावर डास बसायची खोटी, की पानाखालून झेप आणि डास गडप. पुन्हा जागच्या जागी उभे, काही घडलंच नाही असे.

शास्त्रात याला 'ॲप्लोकायलस लिनिएटस' म्हणतात. १८४६ साली व्हॅलेन्सिएन नावाच्या फ्रेंच पंडितानं त्याचं पहिलं वर्णन छापलं, आणि मासा कुठला म्हणून लिहिलं? मुंबईचा! म्हणजे ज्या काळात आपल्याकडे रेल्वेसुद्धा नव्हती, त्या काळात आपल्या डबक्यातला मासा पॅरिसच्या पुस्तकात जाऊन बसला होता. पुढे परदेशातल्या हौशी लोकांनी त्याची पिवळीधमक पैदास केली, ती 'गोल्डन वंडर' या नावानं जगभर विकली जाते. तुम्ही दुकानात पैसे मोजून तो घरी आणा, सगळे म्हणतील, "वा! फॉरेनचा दिसतोय!" तोच मी गमछा घेऊन चरातून आणला, तर म्हणे गटारातले मासे. सोन्याला मुलामा देऊन परत आणलं तर किंमत, असा हा व्यवहार आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, पण हे अर्थशास्त्र आम्हाला नव्हतं.

याच जातीची दुसरी गंमत पानांची. काळ्या पाण्यासाठी जगभर ज्या पानांची शिफारस करतात, ती 'कटप्पा' पानं दहा-दहाच्या पाकिटांत मिळतात असं कळलं. मी म्हटलं, बाहुबलीला मारलं तोच का हा? चौकशी करता पाकीट दीडेकशे रुपयांचं निघालं, आणि वरचं चित्र पाहून मला खुर्चीतच बसावं लागलं. ते आपलं देशी बदामाचं पान! 'टर्मिनालिया कटप्पा'. अहो, अलिबागपासून मुरुडपर्यंत किनाऱ्यावर या झाडांची सावली आहे. थंडी सरता सरता पानं लालबुंद होऊन गळतात, आणि सकाळी प्रत्येक अंगणात बायामाणसं ती गोळा करून पेटवून देतात. थायलंडमध्ये झुंजीचे मासे वाढवणारे लोक हीच पानं पाण्यात घालतात. आमच्या आळीत रोज सकाळी दीडेकशे रुपयांची कितीतरी पाकिटं धुरात जातात, आणि त्या धुरानं डोळे चोळत माणसं मला विचारतात, "ही घाण कशाला घरात ठेवता?"

आता ज्यांना खरंच करून पाहायचंय, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. ज्यांना नाही त्यांनी तेवढा चहा घेऊन यावा. टाकी दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच, म्हणजे छप्पन्न लिटर. तीन जोड्यांना पुरे. खाली धुतलेली काळसर वाळू, पातळ थर. पाणी पावसाचं सगळ्यांत उत्तम. पहिले काही पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचे, मग पिंपात धरायचं. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा सरळ खाडीत जातो. त्यातला पिंपभर मी घेतला तर कुणाचं काय जातं? किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ आणि जड. या माशाला तेही चालतं, तो काही फार नखरेल नाही, भातखाचरातही राहतो. पण पानांच्या मऊ पाण्यात तो जसा खुलतो तसा इतर कुठे नाही. बदामाची पानं झाडावरून गळलेली, वाळलेली घ्यायची, हिरवी नकोत. धुऊन टाकली की दोन दिवस तरंगतात, मग तळाशी बसतात. स्पंजाचा फिल्टर, हळू हवा. उजेड कमी, वर थोडं तरंगतं शेवाळ. आणि झाकण! हा मासा असा उडी मारतो, की बोटभर फट ठेवलीत तर सकाळी तो सोफ्याखाली सापडेल.

अंडी घालायला त्याला पाणवनस्पतींची मुळं लागतात, पण त्याहून सोपी युक्ती म्हणजे लोकर. आईच्या स्वेटरातून उरलेली बाटलीहिरवी लोकर (रंग जाणारी नको) उकळून, वीतभर लांबीचे चाळीस-पन्नास धागे एका बुचाला बांधून गोंडा सोडून दिला. मासे त्यात शिरून रोज थोडी थोडी अंडी चिकटवतात. अंडं मोहरीएवढं, काचेचा मणी जसा, आणि इतकं टणक की चिमटीत धरून उचलावं. ते वेगळ्या ताटलीत त्याच टाकीच्या पाण्यात ठेवायचं, कारण आईबापांना आपलं अपत्य आणि आपला नाश्ता यांतला फरक कळत नाही. जे अंडं पांढरं पडलं ते बुडीत खातं समजावं आणि ताबडतोब काढावं. ठेवलं तर त्याची बुरशी शेजारच्या चांगल्या खात्यांना लागते. बँकांनी हे माझ्या ताटलीकडून शिकावं. पाच-सात दिवसांनी भिंगातून पाहिलं तर मण्याच्या आत दोन काळे ठिपके दिसतात. डोळे! ते आपल्याकडे बघत असतात. त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. कुणी उठलं नाही, ती गोष्ट वेगळी. दोन आठवड्यांच्या सुमारास पिलू बाहेर येतं, टाचणीएवढं, आणि डोक्यावर टिकली घेऊनच येतं. पहिले काही दिवस ते पानांवर वाढणारे सूक्ष्म जीव खातं. म्हणजे तुम्ही ज्याला घाण म्हणता, तो त्या बाळाचा वरणभात आहे.

पुढे पिलांना डासांच्या बारीक अळ्या लागतात. त्यासाठी मी परसात जाळी बांधलेली एक बादली ठेवतो आणि रोज गाळून घेतो. तालुक्याच्या गावाहून डासांची तपासणी करत एक भाऊ आले ते नेमके त्या बादलीपाशी थबकले. त्यांचा चेहरा चोरीची मोटरसायकल सापडल्यासारखा झाला. मी त्यांना आत नेलं, अळ्या टाकीत ओतल्या. चार सेकंदांत पाणी साफ. ते बघत राहिले. मग म्हणाले, "हे ठीक आहे साहेब, पण बाहेरच्या तळ्यात आम्ही गप्पी सोडतोय." आणि पिशवी वर धरली.

इथे मला आवाज चढवावा लागला. गप्पी मासा दक्षिण अमेरिकेकडचा. त्रिनिदादच्या गप्पी नावाच्या साहेबानं नमुने लंडनला पाठवले म्हणून त्याचं नाव त्याला पडलं. थेट पिलं देतो, महिन्या-महिन्याला देतो. सिमेंटच्या टाकीत, घराच्या हौदात सोडा, तिथे दुसरं कुणी राहतच नाही. डेंग्यूनं माणसं मरतात, त्यावर मी विनोद करणार नाही. (डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, एवढंच शेजारच्या वहिनींच्या माहितीसाठी.) पण ज्या तळ्यात आधीपासून डास खाणारा आपला मासा आहे, तिथे परका कशासाठी? शाखेत जागेवर माणूस असताना त्याच जागी बदलीचा माणूस पाठवतात, तसलाच प्रकार. मग दोघं मिळून एकाच टेबलावरचा डबा खाणार आणि एकमेकांची पिलंसुद्धा!

आणि ही काही पहिली वेळ नव्हे. १९२८ साली असाच गंबुसिया नावाचा मासा डास मारायला इटलीहून भारतात आणला. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, पिलं खातो, शेपट्या कुरतडतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत आज त्याचं नाव आहे. १९५२ साली मोझांबिकची चिलापी आणली, तीही त्याच यादीत. दोन्ही वेळा हेतू उत्तमच होता. बँकेतली सगळी बुडीत कर्जंसुद्धा उत्तम हेतूनंच दिलेली असतात. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, मला महिन्याला इतक्या ठिकाणी सोडायचे म्हणून कागद आहे. तुमच्या माशाचा कागद आहे का?" कागदापुढे कारकून काय बोलणार? मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, पिशवी समोरच्या सिमेंटच्या हौदात सोडा, आकडा तेवढाच भरेल. त्यांनी तसं केलं. सरकारी आकड्याला पाण्याची जात विचारायची सवय नसते, हा त्यातला एक फायदा.

पण गप्पी परवडला, डंपर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं आणि एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं नवं झाड लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढं थांबायला ज्याच्या गाठीला काही नव्हतं, त्यानं वाडी विकली. त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याची खातावही माझ्याच टेबलावर होती. मग १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, मुंबई जवळ आली, आणि जमिनीचे भाव असे चढले की आमच्या पी.एच.चीच आठवण व्हावी. वाडीतला चर म्हणजे विकत घेणाऱ्याच्या लेखी काय? खड्डा. डबकं. डासांचं घर. 'साइट क्लिअर' करायची म्हणजे आधी तो बुजवायचा.

ज्या चरातून मी तीन जोड्या आणल्या, तो गेल्या वर्षी उन्हाळ्यात बुजला. मी बँकेतून संध्याकाळी परतलो तर लाल माती टाकून सपाट केलेलं, वर रोलर फिरलेला, कडेला कुंपणाचे खांब. भराव टाकणारा मुकादम म्हणाला, "कसलं घाण पाणी होतं हो ते, आता बघा कसं स्वच्छ दिसतंय!" खरंच स्वच्छ दिसत होतं. तिथे काहीच नव्हतं.

दहाबारा दिवस मी आसपास हिंडलो. वरच्या आळीच्या देवळामागच्या तळ्यात चिलापी. रस्त्याकडेच्या खड्ड्यात गप्पी. एका विहिरीत तर कुणी तरी काचेला चिकटणारा तो परदेशी सकर मासा सोडलेला, घरच्या टाकीत मावेना म्हणून. हातभर झाला होता. दोन शेतांपलीकडे एका भातखाचराच्या कडेला आपली टिकलीवाली मंडळी दिसली, तेव्हा मी इतका मोठ्यानं ओरडलो की नांगरणारा माणूस साप निघाला समजून काठी घेऊन धावत आला. त्या खाचराचंही सौद्याचं बोलणं चालू आहे, असं त्यानंच सांगितलं.

तेव्हापासून माझ्या वहीला जरा वेगळी शिस्त आलीय. पूर्वी नुसती अंडी मोजायचो. आता रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी: कुठल्या जोडीची पिलं, किती जगली, कुणाला किती दिली. शिक्षक असलेल्या एका मित्रानं शाळेच्या व्हरांड्यात टाकी मांडली. मुलं डबा खायच्या सुट्टीत डास मारून आणतात म्हणे. नागावच्या एका वाडीवाल्यानं आपला चर बुजवायचा नाही असं ठरवलंय, त्यात गप्पी नाही याची मी दोनदा जाऊन खात्री केली, आणि मग त्याला बारा दिले. हे वाचून कुणी हौसेनं कुठल्याही नदीत मासे सोडायला धावू नये; परक्या पाण्यात सोडलेला आपला मासाही तिथे परकाच असतो. जिथला तिथेच, हा माझा नियम. चेकसुद्धा दुसऱ्याच्या खात्यात गेला तर केवढा गोंधळ होतो!

गेल्या महिन्यात मुंबईचे एक गृहस्थ आले. त्याच बुजलेल्या चरापलीकडे त्यांचा बंगला झालाय, मागच्या अंगणात कमळांचं तळं केलंय, त्याला डास फार. कुणी तरी माझं नाव सांगितलं. माणूस भला वाटला, सगळं नीट ऐकून घेतलं, वहीत पाहिलं, भिंगातून अंड्यातले डोळेसुद्धा पाहिले आणि अगदी लहान मुलासारखे हसले. मी वीस पिलं दिली, पोतंभर बदामाची पानं दिली, गप्पी आणि तुरटी दोन्ही न घालण्याची शपथ घेवविली. ते पैसे देऊ लागले, मी म्हटलं, आमच्या शाखेत बचत खातं उघडा.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन. मासे मजेत आहेत, डास कमी झालेत, मिसेस खूश आहेत.

"फक्त एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "पाणी जरा चहासारखं दिसायला लागलंय. साधारण किती दिवसांत स्वच्छ होईल?"

"पानं किती शिल्लक आहेत?" मी विचारलं.

"अर्धं पोतं."

"तीही घाला," मी म्हणालो.